भिंत वाकली, पण दोष भिंतीचा नव्हता! 'बदलून देतो' म्हणण्याआधी हे वाचा

आजचा विषय वॉरंटी. उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण धडा आपल्या गल्ल्याचा आहे.

तिकडे बऱ्याच घरांना बाहेरून व्हिनाइल साइडिंग लावतात, म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पीव्हीसीच्या लांब पट्ट्या. समजा, ग्राहकाचा फोन आला, "भिंत वितळल्यासारखी वाकलीय." कंत्राटदार म्हणतो माल खराब निघाला, आणि पट्ट्या बदलून देतो. काही महिन्यांनी तीच जागा परत वाकते. आता खर्च कोणाचा?

खरं कारण समोरच्या खिडकीत

दोन काचांच्या खिडकीत मधली हवा सीलबंद असते. थंडी पडली किंवा बाहेरच्या हवेचा दाब वाढला की काचा आत ओढल्या जातात. बाहेरची काच किंचित खोलगट होते आणि आरशासारखी ऊन एका जागी गोळा करते. उष्णता अडवणारा 'लो-ई' लेप असेल तर परावर्तन अजून वाढतं. व्हिनाइल साधारण 70 ते 75 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. म्हणून हे भर थंडीतही होतं!

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर 2013 मध्ये लंडनला झाली. 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या खोलगट काचेमुळे खाली उभ्या जग्वार गाडीचे भाग वितळले. दुरुस्तीचे पैसे बिल्डरने दिले, आणि पुढच्या वर्षी इमारतीला ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

माझी चूक

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान. सुरुवातीला एका काकांना मी तीन वेळा एलईडी बल्ब बदलून दिले. वर सप्लायरशी भांडलो ते वेगळंच. शेवटी वायरमन पाठवला, तर त्यांच्या घरात न्यूट्रल लूज! बल्ब चांगलेच होते. नफा गेला, आणि सप्लायरची माफी मागावी लागली.

मग करायचं काय?

1. जागेवर जा, आणि तक्रारीच्या वेळेलाच जा. ऊन सरकतं; सकाळी गेलात तर दुपारचा पट्टा दिसणार नाही.
2. वॉरंटीचं कार्ड शेवटपर्यंत वाचा. साइडिंगच्या बऱ्याच वॉरंटीत परावर्तित उष्णतेचं नुकसान धरत नाहीत. कंपनी देणार नसेल तर तुमचा शब्द तुमच्याच खिशातून जातो.
3. आधी कारण थांबवा, मग माल बदला. इथे खिडकीला बाहेरून जाळी, छज्जा किंवा मध्ये झाड, एवढ्यानेही काम होतं.
4. कोटेशनमध्येच लिहा, काय कव्हर आहे आणि काय नाही. खिडकी शेजाऱ्याची असेल तर ग्राहकाला आधीच सांगा, म्हणजे भांडण तुमच्या दारात येत नाही.

आजचा गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांत बदलून दिलेल्या वस्तू वहीत लिहा. एकाच ग्राहकाकडून एकच वस्तू दोनदा आली असेल तर तिसरी देऊ नका. आधी त्याच्या घरी जाऊन या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!