निजून एकदा, उभे राहून एकदा

मानसशास्त्राच्या तासाला स्वायत्त मज्जासंस्था शिकलो, ती परीक्षेपुरतीच. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याहून सांगलीला आजोळी गेलो आणि तोच धडा घरात भेटला.

आजीला वीस वर्षांपासून मधुमेह. पहाटे उठताना तिला अंधारी येई. एकदा तर ती न्हाणीघराच्या दारात पडली. "वय झालं रे माझं," एवढेच ती म्हणे. बसून मोजलेला रक्तदाब नेहमी ठीक निघे.

आपल्या इच्छेवाचून हृदय व रक्तवाहिन्या चालविणाऱ्या या संस्थेचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग ठोके वाढवितो व रक्तवाहिन्या आवळतो. परानुकंपी भाग हृदयाला आवर घालतो. हे काम डोळ्यांना दिसत नाही. ते नाडी व रक्तदाब यांतील बदलांवरून ओळखावे लागते. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसनांचा परिणामही रक्तदाब मोजून तपासला होता.

आपण उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांतले मज्जातंतू दाब घटल्याची वर्दी मेंदूला देतात. क्षणात नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळतही नाही. पाच मिनिटे निजून मी माझी नाडी मोजली, ती ६८ भरली. उभे राहिल्यावर ८४.

डॉक्टरांनी आजीचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत मोजला. वरचा आकडा १४२ वरून ११० वर आला. तो २० किंवा खालचा १० ने उतरला तरी दोष मानतात. नाडी मात्र ८६ ची जेमतेम ८८ झाली. शरीरात पाणी कमी असते तर नाडी धावली असती. "दाब घसरला, पण हृदयाला हुकूमच पोचला नाही," डॉक्टर म्हणाले. जुन्या मधुमेहाने हे मज्जातंतू दुबळे झाले होते.

डॉक्टरांनी तिच्या गोळ्या तपासून बदलल्या आणि सावकाश उठायला सांगितले. मित्रहो, एकाच आकड्यावर समाधान मानू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना उठताना चक्कर येत असेल, तर दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

आजी आता खाटेच्या कडेला बसते, पाय हलविते आणि मग उठते. मी जवळ असलो की मनगट पुढे करून विचारते, "बघ रे, पोचला का हुकूम?"