बोर्डो मिश्रण

सव, महाड, पोलादपूर या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. भाताला तो हवाच असतो. सुपारीच्या बागायतदाराला मात्र त्याची धास्ती वाटते. आपल्याच रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. सततच्या पावसात सुपारीवर कोळेरोग पडतो. ही एक बुरशी आहे. ती लागली की हिरवी फळे गळतात आणि वर्षाची कमाई झाडाखाली कुजते.

यावरचा जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. बोर्डो हे फ्रान्समधील शहर. तिकडे वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. गंमत अशी की, त्याच वेलींची पाने रोगापासून वाचली! मिलार्दे या शास्त्रज्ञाने हे हेरले आणि १८८५ मध्ये हा उपाय जाहीर केला.

मोरचूद म्हणजे उर्दूतला नीला थोथा. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवतात. दुसऱ्या ५० लिटर पाण्यात १ किलो कळीचा चुना कालवतात. भांडी प्लॅस्टिकची घेतात, लोखंडाची नाही. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतून काठीने ढवळतात. मग त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे. असे मिश्रण पाने जाळते. त्यात आणखी चुना घालतात.

मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते. ते बुरशीला आत शिरू देत नाही; पण शिरलेल्या बुरशीला बाहेर काढत नाही. म्हणून पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर करतात आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप पाहून.