मंजुरी आणि मृग

शासकीय अनुदानाच्या भरवशावर शेतीत प्रथमच पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणांनी, विशेषतः डिंभे धरणाच्या वर, तळेघरपासून भीमाशंकरपर्यंतच्या आमच्या डोंगरपट्ट्यातील तरुणांनी, अर्ज भरण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की सरकारचे वर्ष 31 मार्चला संपते आणि आमचे मृगाला सुरू होते. या दोन पंचांगांचा मेळ घालण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविलेले नाही.

मला हे विहिरीने शिकविले. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेखाली आदिवासी शेतकऱ्यास नव्या विहिरीसाठी त्या वेळी अडीच लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळे. 2024 मध्ये ही मर्यादा चार लाखांवर नेण्यात आली. अर्ज मंजूर झाला, परंतु कार्यारंभाचा आदेश हाती पडला तेव्हा आषाढ लागला होता, खाचरांतून लावणी चालू होती, आणि जेथे बांधावर उभे राहणेही मुश्किल तेथे कातळ फोडण्याची गोष्ट कोण बोलणार? दिवाळीनंतर काम धरले, तेव्हा अनुदानाची दुसरी बाजू उलगडली: काम आधी, मोजमाप त्यानंतर आणि पैसा सर्वांच्या शेवटी. सुरुंगवाल्याला मात्र हा क्रम मान्य नसतो. त्याच्यासाठी व्याजाने उचललेली रक्कम हप्ता जमा होईपर्यंत वाढतच राहिली. ‘आदेशाची वाट कशाला पाहता, खणायला लागा’ असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण आदेशापूर्वीचे खोदकाम मोजमापात धरले जात नाही.

आमच्या वाडवडिलांच्या काळी 1883 व 1884 च्या कायद्यांखाली तगाई मिळे. ते कर्ज होते, फेडावे लागे, आणि त्यापायी जप्त्याही होत. परंतु तगाई बियाणे घेण्यापूर्वी हातात पडण्यासाठी होती, एवढा तिचा गुण कबूल केला पाहिजे.

विहिरीच्याही आधी सातबारा. नवशिक्या शेतकऱ्याची खरी अडचण तेथेच आहे. तो जमीन कसतो, पण उताऱ्यावर आजोबांचे नाव, त्याखाली सामाईक हिस्सेदार, आणि त्यांपैकी निम्मे मुंबईला. अशा वेळी तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी, ती गाव नमुना 6-क मध्ये नोंदली गेल्याची खात्री करावी, आणि फेरफारावर हरकतींसाठी असलेली 15 दिवसांची मुदत सरून नोंद प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. वाटणी करावयाची तर हिस्सेदार गणपतीला गावी येतात तेव्हाच संमतीचा विषय काढावा. नव्या विहिरीसाठी किमान 0.40 हेक्टर क्षेत्र लागते; तेवढे नसल्यास शेजारच्या आदिवासी खातेदारांसह करारनामा करून एकत्र अर्ज करण्याची सवलत आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते.

कागद झाले तरी शेती शिकणे उरतेच. अमेरिकेत 2008 च्या शेतीविषयक कायद्यापासून नवशेतकऱ्यांसाठी जो निधी दिला जातो, तो शेतकऱ्याच्या खात्यावर न जाता त्याला शिकविणाऱ्या संस्थांना मिळतो, आणि पहिली दहा वर्षे माणूस तेथे नवखाच मानला जातो. आपल्याकडे विहिरीला, पंपाला, पाइपांना पैसा आहे. पण पहिली दोनतीन वर्षे सोबत चालणाऱ्या माणसाला नाही. ही उणीव आपणच भरून काढावी लागते. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याच्या ‘आत्मा’ यंत्रणेच्या शिबिरास जरूर जावे, मात्र तेथे टोमॅटोचे मांडव पाहून हरखून न जाता आपल्या उताराच्या जमिनीपुरते प्रश्न विचारावेत. राब भाजण्याऐवजी गिरिपुष्पाचा पाला कसा वापरावा, भाताच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मध्ये खताची गोळी किती खोल खोचावी, हे ज्याने स्वतःच्या खाचरात केले असेल त्याच्या बांधावर एक दिवस काढणे प्रमाणपत्राहून अधिक कामाचे, असे माझे मत आहे.

राहता राहिला पहिल्या खर्चाचा पैसा. आमच्याकडे रोकड येते ती उन्हाळ्यातील बाळहिरड्याची, आणि ती बियाणे, मुलांच्या वह्या व पावसाळ्याचा किराणा यांसाठी आधीच वाटली गेलेली असते. तिच्यातून सुरुंगवाल्याला किती देता येतील, हे अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावे. हिशेब तिच्यापाशी असतो.