तपकिरी दिसलं की हरखू नकोस

पोरी, उद्यापासून लातूरच्या लॅबमध्ये पिपेट तुझ्या हाती येणार. नांदेडात चुकतमाकत शिकले, ते तुला सांगून ठेवते.

अँटिबॉडी मे महिन्यात मागवू नकोस. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि खोका गोदामात पडून राहतो. आतला बर्फ हात घालून बघ, मगच सही कर. गोठवून ठेवायची असेल तर आल्या दिवशीच छोट्या नळ्यांत वाटून टाक. एकच नळी सारखी वितळवली-गोठवली की तिच्यातला दम जातो. वापरायला तयार, पातळ केलेली असेल तर ती गोठवायची नाही, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवरच ठेवायची.

अँटिबॉडीनं ऊतकातलं कोलॅजन-४ बघायचं तर कंट्रोलला मूत्रपिंडाचा सेक्शन घे. ग्लोमेरुलसमधल्या केशवाहिन्यांभोवती तपकिरी रेघ बारीक नि स्वच्छ उमटायला हवी. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात, अँटिबॉडीला चिकटायला जागा सापडत नाही. पेप्सिन ती जागा मोकळी करतं. पण अंदाजानं लावू नकोस. ५, १०, १५ मिनिटं अशा तीन स्लाइड कर. कमी पडलं तर रेघ फिकी येते, जास्त झालं तर ऊतकच झिजतं.

माझ्या पहिल्या खेपेला सगळ्या सेक्शनच्या कडा गडद तपकिरी आल्या. मी हरखून सरांना दाखवायला गेले. त्यांनी फक्त प्रायमरी, म्हणजे कोलॅजनला चिकटणारी पहिली अँटिबॉडी, न लावलेली स्लाइड मागितली. तिचीही कड तशीच! डोक्यावर पंखा होता, एप्रिलची कोरडी हवा होती, थेंब कडेनं सुकला होता. तेव्हापासून स्लाइडच्या डब्यात ओला टिपकागद, झाकण घट्ट आणि पंखा बंद. स्लाइड एक क्षणही सुकू द्यायची नाही. प्रायमरी न लावलेली स्लाइड दर खेपेला ठेवायची, घाई असेल त्या दिवशी तर हमखास.

बफर टिकावं म्हणून त्यात सोडियम अझाइड घालशील तर तपकिरी रंग आणणारं पेरॉक्सिडेजच मरेल आणि डीएबीचा तो रंग येणारच नाही.

बफरला डिस्टिल्ड पाणीच घे. बोअरचं क्षाराचं पाणी तिथं नको. केंद्रकांवरचं हिमॅटॉक्सिलिन निळं करायला मात्र तेच कामाचं, कारण ते अल्कधर्मी असतं. पण नळ सोडून ठेवू नकोस गं. २०१६ साली त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बरणीत पाणी घे, स्लाइड दोन-तीन मिनिटं बुडव. लालसर जांभळी केंद्रकं तुझ्या डोळ्यांसमोर निळी होतात.