नोकरी गेल्यानंतरचा स्वतंत्र व्यवसाय

कारखाना बंद पडला की नोकरी संपते. परंतु काम संपतेच असे नाही. या दृष्टीने अहमदाबादचा अनुभव उद्‌बोधक आहे. १९६८ च्या सुमारास तेथील दोन मोठ्या कापडगिरण्या बंद पडल्या व हजारो कामगार बेकार झाले. मजूर महाजन संघाच्या महिला विभागातील इला भट्ट त्यांच्या घरोघरी गेल्या. पुरुष गिरण्यांसाठी झगडत असताना घरातील स्त्रिया भाजी विकून, शिवणकाम करून संसार चालवीत आहेत, असे त्यांना आढळले.

स्वतंत्र व्यवसायाला मालक नसतो; तसाच ठरलेला पगारही नसतो. भाजीवालीला सकाळी माल घेण्यासाठी सावकाराकडून पैसे काढावे लागत आणि संध्याकाळी ते व्याजासह फेडावे लागत. उणीव होती ती कष्टांची नव्हे, तर भांडवलाची आणि संघटनेची.

ती भरून काढण्यासाठी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना स्थापन झाली. मालकच नसेल तर लढा कोणाविरुद्ध, असा आक्षेप कामगार खात्याने नोंदणीच्या वेळी घेतला. संघटना कोणाविरुद्ध नसून कामगारांच्या एकजुटीसाठी असते, असे त्याला उत्तर देण्यात आले. १९७४ मध्ये ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली.

गेलेली नोकरी परत मिळेलच असे नाही. हातातील कसब मात्र आपलेच राहते. त्याच्या जोडीला थोडी पुंजी आणि समव्यवसायींचा आधार असला, म्हणजे स्वतंत्र व्यवसाय तग धरू शकतो.