कंपनीच्या डब्यात बाहेरचा कार्ड रीडर

प्रश्न : मी मेहरूणला राहतो. सकाळी तलावावर फिरायला जाताना गळ्यात कॅमेरा असतो. खंड्या, बगळे, हिवाळ्यातली बदकं टिपायचा नाद लागलाय. घरी एका नामांकित कंपनीचा डेस्कटॉप आहे. ऑफिसातून निघालेला, जुना, पण ठणठणीत. त्याच्या तोंडावर डीव्हीडीच्या खाली एक आडवी प्लास्टिकची पट्टी आहे. तिथे आतल्या बाजूने बसणारा कार्ड रीडर लावावा म्हणून दोन दुकानांत चौकशी केली. एक म्हणाला, "कंपनीच्या मशीनला बाहेरचा पार्ट चालत नाही." दुसरा म्हणाला, "चालतो, पण बसत नाही." यातलं खरं काय, भाऊ? आणि रीडरला एवढी तोंडं कशाला असतात? माझ्याकडे तर कार्ड एकच आहे.
– एक वाचक, मेहरूण (जळगाव)

उत्तर : दुसऱ्याचं खरं. चार शब्दांत त्याने सगळं सांगून टाकलंय, मी फक्त त्याचा विस्तार करतो.

आधी 'चालतो'चं पाहू. आत बसणारा कार्ड रीडर दिसायला मोठा भाग वाटला, तरी संगणकाच्या लेखी तो एक साधा यूएसबी जोड आहे, पेनड्राइव्हचा चुलतभाऊ. पेनड्राइव्ह बाहेरून खोचतात, याची तार आतून मदरबोर्डवरच्या पिनांना लागते, एवढाच फरक. विंडोज एक्सपीपासून पुढे त्याला वेगळी ड्रायव्हरची सीडीही लागत नाही. समोर कुठल्या कंपनीचं मशीन आहे हे रीडर विचारत नाही आणि मशीनही रीडरचं कूळ पाहत नाही.

मग पहिला दुकानदार तसं का म्हणाला? त्यालाही अगदीच खोटं ठरवता येणार नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही डेस्कटॉपांत वीजपुरवठ्याचा जोड दिसायला बाजारातल्यासारखाच होता, पण आतल्या तारांची जुळणी निराळी होती. बाजारातला एसएमपीएस त्याला लावला की जळका वास ठरलेला. लॅपटॉपांतही एचपी आणि थिंकपॅडच्या कित्येक जुन्या मॉडेलांच्या बायॉसमध्ये वायफाय कार्डांची यादी असायची. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढे सुरूच व्हायचं नाही. असले अनुभव गाठीला असलेला कारागीर कंपनीचा डबा म्हटला की हात आखडता घेणारच. कार्ड रीडरच्या बाबतीत मात्र अशी यादीही नाही आणि अशी उलटी जुळणीही सहसा नाही.

आता 'बसत नाही'. खरी गोम इथेच आहे, आणि ती इलेक्ट्रॉनिक्सची नसून पत्रा नि प्लास्टिकची आहे.

तुमच्या डब्याच्या तोंडावरची ती पट्टी बहुधा फ्लॉपीच्या जागेवरचं झाकण असेल. बाजारातले आतले कार्ड रीडर याच जागेसाठी बनतात, म्हणून त्यांना साडेतीन इंची म्हणतात. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन शहाणे अशी सवय असलेल्या आपल्याला हा आकडा परका नाही, पण तो इथे फसवा आहे. साडेतीन इंच ही फ्लॉपीच्या तबकडीची ओळख. ती गिळणारं यंत्र मात्र चार इंच रुंद आणि एक इंच उंच असतं. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, तरी तिच्यासाठी पाडलेलं भोक डब्यांच्या तोंडावर पुढे कितीतरी वर्षं राहिलं. घरमालक गेला तरी पाटी राहावी तसं. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. तुमचं कार्ड ६४ जीबीचं असेल, तर त्यात सुमारे ४४ हजार फ्लॉप्या झाल्या.

तेव्हा पट्टी उघडून डब्यात डोकावा, टेप लावा. रीडर विकत घ्यायचा तो त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पट्टीमागे चार बाय एक इंचाची पोकळी आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कडा दिसल्या, तर निम्मं काम झालं. पण काही मॉडेलांत ती पट्टी नुसती शोभेची असते, प्लास्टिकच्या साच्यातच ओतलेली, आणि तिच्यामागे सरळ पत्रा लागतो. ऑफिसांतल्या बारीक अंगाच्या डेस्कटॉपांत तर डीव्हीडीही लॅपटॉपवाली, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची असते. तिथे या रीडरचा विचार सोडून द्यावा. याउलट मोठ्या टॉवरमध्ये साडेतीनची जागा नसली, तरी डीव्हीडीच्या आकाराचं दुसरं भोक रिकामं असेल तर सव्वापाच इंचीत साडेतीन बसवायची चौकट मिळते. गोलाणी मार्केटात चक्कर मारलीत तर कुणाच्या तरी भंगाराच्या खोक्यातून ती निघेल.

डेलने आपल्या ऑप्टिप्लेक्स मालिकेत या जागेला 'फ्लेक्सबे' असं नाव दिलं होतं. फ्लॉपी बसवा नाहीतर कार्ड रीडर, मर्जी तुमची. नाव मोठं, पण पुढच्या प्लास्टिकच्या तोंडाची गोलाई कंपनीच्या स्वतःच्या रीडरच्या मापाने घडवलेली. बाहेरचा रीडर मागे बसतो, नाहीतर सेंटिमीटरभर पुढे डोकावतो. कानशीने कडा घासून तो बसवलेले लोक मी पाहिलेत. घासायला हरकत नाही, फक्त तोंड सुटं काढून घासा. प्लास्टिकचा कीस मदरबोर्डवर पडू देऊ नका.

स्क्रूची एक बारीक गोष्ट. हार्डडिस्कचे स्क्रू इंची आट्यांचे आणि जाड असतात. डीव्हीडी, फ्लॉपी आणि कार्ड रीडरला लागतात ते मेट्रिक, एम-३ म्हणतात ते, आट्यांनी बारीक. हाताला आला तो स्क्रू पिळला तर रीडरच्या आट्या गेल्या. एचपी-कॉम्पॅकच्या ऑफिसवाल्या डब्यांत यावर छान तोड होती. जाड स्क्रू चंदेरी आणि बारीक स्क्रू काळे, आणि जास्तीचे स्क्रू पुढच्या तोंडामागे पत्र्यातच लावून ठेवलेले. ऑफिसातून निघालेलं मशीन असेल तर ते अजूनही तिथेच असतील, कुणी पाहिलेलेही नसतात.

आता तार. मदरबोर्डवर यूएसबीच्या पिनांचा एक छोटा पुंजका असतो, दोन ओळींत दहा जागा, पण पिना नऊ. एका टोकाची एक पिन मुद्दाम गाळलेली, तीच उलटं न लावण्याची खूण. प्रत्येक ओळ म्हणजे एक पोर्ट. लाल तार पाच व्होल्टची, पांढरी आणि हिरवी माहितीची, काळी परतीची. रीडरला एकच ओळ पुरते. त्याच्या तोंडावर जास्तीचं यूएसबी पोर्ट असेल तर ते दुसरी ओळ घेतं. कित्येक बोर्डांवर या पिनांशेजारी नाव छापलेलं असतं. एचपीच्या अनेक बोर्डांवर 'मीडिया' असं लिहिलेलं आढळतं, ती जागा याचसाठी आहे. सगळ्या पिना आधीच पुढच्या पोर्टांना लागलेल्या असतील, तर मागच्या एखाद्या रिकाम्या पोर्टातून तार आत घ्यायचा जोड मिळतो. दोन तारा सोलून पिळून यूएसबीचे दोन फाटे करू मात्र नका. ते बल्बच्या वायरला जमतं, यूएसबीला त्यासाठी हबच लागतो.

इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. अशाच दहा जागांचा, एक पिन गाळलेला आणखी एक पुंजका जुन्या बोर्डांवर असायचा, तो फायरवायरचा. अंगाने हुबेहूब, पण त्यातून बारा व्होल्ट यायचे. टॉर्च न लावता, बोटाने चाचपून मी रीडर त्यात खोचला होता. बटण दाबल्यावर रीडरचा दिवा एकदाच लागला, इतका तेजस्वी की मला आनंद झाला. मग वास आला. तेव्हा शेजारचं बारीक अक्षर वाचा, हवं तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचा.

खान्देशात आणखी एक काळजी घ्या. कोरड्या हवेत, टेरिकॉटचा शर्ट घालून डबा उघडलात तर अंगातली स्थिर वीज बोटाच्या टोकाशी तयारच असते. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत जा. धूळही त्याच दिवशी काढून टाका. आणि जुनं झाकण काढल्यावर रीडर लगेच बसला नाही, तर भोक उघडं ठेवू नका. मेहरूणच्या बाजूला अजून शेतं आहेत, आणि उंदराला उबदार डबा फार आवडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रीडरची तोंडं म्हणजे एका जुन्या भाऊबंदकीचा नकाशा आहे. सॅनडिस्कने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं, दुसऱ्या वर्षी तोशिबाने स्मार्टमीडिया, १९९८ मध्ये सोनीने आपली मेमरी स्टिक, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीने एक्सडी. ज्याचा कॅमेरा त्याचं कार्ड, आणि रीडरवाल्याने सगळ्यांसाठी दार ठेवायचं. या सगळ्यांना मागे टाकलं ते पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून १९९९ मध्ये काढलेल्या एसडी कार्डाने. आज तुमच्या उपयोगाचं तोंड तेवढं एकच. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या मोठ्या तोंडात पन्नास बारीक पिना असतात. घरात लहान मूल असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. पेन्सिल आत गेली की वाकलीच एखादी.

पण एकाच एसडीतही पिढ्या आहेत, आणि जुना रीडर स्वस्तात घेणारा इथेच अडकतो. पहिल्या एसडीत रीडर कार्डाला एकेका बाइटचा पत्ता सांगायचा, बत्तीस बिटांच्या आकड्यात. असा आकडा चार जीबीपलीकडे जाऊच शकत नाही. नियमाने तर मर्यादा दोन जीबीचीच होती. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, तेव्हा पद्धत बदलली. एकेका घराऐवजी पाचशे बारा घरांच्या गल्लीचा नंबर सांगायचा. आकडा तेवढाच, पण पोच पाचशे बारा पट, म्हणजे थेट दोन टीबी. २००९ च्या एसडीएक्ससीची कमाल मर्यादाही नेमकी दोन टीबीच आहे, ती याचमुळे. जुन्या रीडरला गल्लीची भाषाच येत नाही, म्हणून तो ६४ जीबीचं कार्ड पाहून गप्प बसतो आणि लोक कार्ड खराब झालं म्हणून नवं आणतात. खोक्यावर एसडीएचसी तरी लिहिलेलं हवंच. तेवढं असलं की एसडीएक्ससीही बहुधा वाचलं जातं. फक्त त्या कार्डाची मांडणी एक्सफॅट पद्धतीची असते. विंडोज ७ ला ती येते, एक्सपीला मात्र वेगळं अपडेट चढवावं लागे.

कार्डाच्या कडेची ती सरकणारी कुलपाची खिट्टी तुम्ही पाहिली असेल. ती कार्डाच्या आत कशालाही जोडलेली नसते. ती कुठे आहे हे रीडर चाचपतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो. हलक्या रीडरमधली चाचपणारी पट्टी वाकली, की खिट्टी कुठेही असो, कार्ड कायमचं कुलूपबंद दिसतं.

एवढं करून फायदा काय, असं विचाराल तर माझं मत थोडं निराश करणारं आहे. वर सांगितलेल्या नऊ पिनांचा जोड यूएसबी २.० चा. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण हाती येतात तीस-पस्तीस एमबी. भरलेलं ६४ जीबी कार्ड उतरवायला अर्धा तास. तुमचं मशीन २०१२ नंतरचं असेल, तर त्याला निळ्या जिभेची पोर्टं असण्याची शक्यता चांगली आहे. त्यात काही शे रुपयांचा बाहेरचा यूएसबी ३.० रीडर खोचला तर तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. बदकांचे शंभर-दोनशे फोटो रोज उतरवायचे असतील तर मी बाहेरचा घेईन. आतला रीडर हरवत नाही, टेबलावर लोंबत नाही आणि त्या पट्टीमागची पोकळी सार्थकी लागते. यातलं काही तुम्हाला पैसे मोजण्याइतकं वाटत असेल, तर तो बसवाच. छंदाचा हिशोब मिनिटांत करू नये, हेही मला कळतं.

बसवलात तर पहिल्यांदा चालू करताना दोन गोष्टींनी दचकू नका. ऑफिसच्या डब्यांत झाकण उघडल्याची नोंद ठेवणारा एक छोटा स्विच असतो. पडद्यावर 'झाकण काढलं गेलं होतं' अशा अर्थाची इंग्रजी तंबी येईल. बायॉसमध्ये जाऊन ती नोंद पुसली की झालं. तिथेच आतल्या यूएसबीचा पर्याय बंद ठेवलेला नाही ना, तेही पाहून घ्या. डेलच्या काही मॉडेलांत तो फ्लेक्सबेच्या नावानेच असतो. दुसरं म्हणजे रीडरची चार तोंडं चार अक्षरं बळकावून बसतील, आणि काल 'एफ' असलेला तुमचा पेनड्राइव्ह आज 'जे' होईल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ज्याचं त्याला अक्षर परत देता येतं. रात्री बंद करताना कार्ड मात्र आत विसरू नका. काही जुनी मशीन सकाळी आधी त्या कार्डातच विंडोज शोधत बसतात आणि काळ्या पडद्यावर तक्रार करतात. तुम्ही इकडे हार्डडिस्क गेली म्हणून घाबरलेले, आणि कार्ड रीडरमध्ये राहिल्यामुळे तिकडे तलावावर कॅमेरा रिकामा.