मृतांचा मान कसा राखावा

वाचावयाचे भाग : उत्पत्ति 23, 1 शमुवेल 31:11-13, प्रेषितांचीं कृत्यें 9:36-42.

खेड्यांतील उपदेशकांस वारंवार विचारण्यांत येणारा एक प्रश्न असा : बाप ख्रिस्ती नाहीं, भाऊ ख्रिस्ती नाहींत, वडील मुलानें मात्र बाप्तिस्मा घेतला आहे, आतां बाप वारला तर त्यानें काय करावें? भाऊबंद म्हणतात, "मडकें धर, दहाव्याला पिंड ठेव." तो नको म्हणाला कीं लागलीच ऐकतो, "हा बाटला, ह्याला बापाची माया नाहीं." हा शब्द जिव्हारीं लागतो. मग कोणी चोरून सर्व कांहीं करितो व रविवारीं मंडळींत मान खालीं घालून बसतो. अशा मनुष्यास धमकावून उपयोग नाहीं. त्यास वाट दाखविली पाहिजे.

अब्राहामाकडे पाहा. सारा वारली तेव्हां तो परदेशांत उपरा होता. त्यानें रडून शोक केला, मग उठून त्या देशच्या हित्ती लोकांस नमन केलें, आणि एफ्रोनाचें शेत 400 शेकेल रुपें तोलून देऊन विकत घेतलें. ते लोक त्याच्या देवाचे भक्त नव्हते. तरी गांवच्या वेशींत, सर्वांदेखत, त्यानें हें काम अदबीनें केलें. आमच्या बांधवानेंही तसेंच करावें. बापास अंघोळ घालावी, तिरडीस पहिला खांदा द्यावा, खर्चाचा आपला वांटा न मागतां पुढें ठेवावा, आईजवळ बसून राहावें. यांत लाज ती कसली?

परंतु पिंड ठेवूं नये. मेलेला मनुष्य आपल्या अन्नावर जगतो, व कावळा शिवला नाहीं तर त्याचा जीव कशांत तरी अडकला आहे, अशी शिकवण त्यांत आहे. ऊन चढत असतां नदीकांठीं कावळ्याची वाट पाहणारीं, वचनांवर वचनें देणारीं माणसें ज्यानें पाहिलीं, तो त्या भयाला हंसणार नाहीं. त्या भयांतूनच प्रभूनें आम्हांस सोडविलें आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दशमांश आणणाऱ्यास, त्यांतलें मृतासाठीं कांहीं दिलें नाहीं, असें देवासमोर सांगावें लागे (अनुवाद 26:14).

मात्र हें बोलणें बाप जिवंत असतांनाच व्हावें. "मला पाणी कोण देईल?" ही म्हाताऱ्याची खरी चिंता असते. ज्या मुलानें त्याला रोज हातानें पाणी व पेज दिली, त्याचें म्हणणें तो निराळ्या कानानें ऐकतो.

पुरावें कीं जाळावें, यावरून प्रेतापुढें भांडण करूं नये. आमची रीत पुरण्याची, आणि ती आम्हांस प्रियही आहे. तथापि याबेश गिलादच्या शूरांनीं शौलाचें व त्याच्या पुत्रांचें शरीर जाळून अस्थि झाडाखालीं पुरल्या, आणि शास्त्र त्यांस दोष देत नाहीं. रोमन कॅथॉलिक मंडळीनेंही 1963 सालीं दहनावरील बंदी उठविली. पुनरुत्थान करणाऱ्यास माती काय नि राख काय!

जेवणावळीविषयीं मात्र आम्ही ख्रिस्ती घरांसही बोल लावतों. तेराव्याचें नांव बदलून तेंच गांवजेवण आम्ही घालूं लागलों आहों. मंडप, आचारी, छापील पत्रिका, आणि पाठीमागून सावकार. विधवेच्या घरीं दाणे नसतांना पंगती उठतात! दुर्कस वारली तेव्हां विधवा कोणत्या ताटाभोंवतीं बसल्या? तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें हातीं घेऊन त्या पेत्राला दाखवीत रडत उभ्या राहिल्या.

म्हणून उपदेशकांनीं दहाव्याच्या आधींच एका संध्याकाळीं त्या घरच्या अंगणांत प्रार्थना ठेवावी, न मानणाऱ्या भाऊबंदांसही बोलवावें, आणि उपदेश थोडा करावा. मृतानें कोणती विहीर खणली, कोणाचें पोर वाढविलें, हें वृद्धांनाच सांगूं द्यावें. गूळ-चहा पुरे. वडील मुलानें त्या रात्रीं आईच्या वर्षाच्या दाण्यांची जबाबदारी सर्वांसमक्ष आपल्यावर घ्यावी.